मदत हवी आहे: हॉस्टेलच्या खोलीत नेमकं काय काय न्यावं?

नमस्कार मंडळी. धाकटी लेक पहिल्यांदाच हॉस्टेलवर राहायला चाललीय. पलंग, टेबल आणि कपाट मिळणार, बाकी सगळं आपलं आपण. दोन बॅगा भरून झाल्या, तिसरी उघडून बसले, तेव्हा वाटलं आधी अनुभवी लोकांना विचारावं.

सगळ्यात मोठा प्रश्न विजेचा. प्रत्येकीला एकच सॉकेट आहे आणि तोही पलंगापासून लांब. म्हणून ३ मीटर वायरचा, फ्यूज असलेला एक्स्टेंशन बोर्ड घेतलाय. पाणी तापवायची किटली मात्र १५०० वॅटची आहे. ती या बोर्डावर अजिबात लावायची नाही असं तिला बजावलंय, पण मुळात न्यावीच का? बऱ्याच हॉस्टेलांत अशा वस्तूंना बंदी असते, आणि नियमावली अजून हातात आलेली नाही.

गादी तिथे पलंग मोजूनच घेऊ. कुलूप, बादली, दोरी, चिमटे, टॉर्च, औषधांचा डबा हे झालंय. तिची झोप फार सावध आहे, दाराची कडी वाजली तरी उठून बसते. कानात घालायचे बोळे खरंच उपयोगी पडतात का?

आणि इस्त्री, झाडू असल्या वस्तू रूममेटशी आधीच बोलून वाटून घ्याव्यात का? तिचा नंबर मिळालाय, पण लेक फोन करायला लाजतेय. तुमच्या मुलांचं पहिल्या महिन्यात कशावाचून अडलं, ते जरूर सांगा. पुढच्याच आठवड्यात निघायचंय.