१०० ऑक्टेनचा फायदा नेमका कशात होता

'१०० ऑक्टेन घातलं की स्पिटफायर आपोआप जोरात पळायचं' असं दुसऱ्या महायुद्धातल्या या ब्रिटिश लढाऊ विमानाबद्दल म्हटलं जातं, पण ते अर्धाच बरोबर आहे. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलात उष्णता जास्त नसते. ते नॉकिंग (दाबाखाली मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोके बसणं) सहन करतं, एवढंच. सुपरचार्जरचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाचा) दाब वाढवला नाही, तर आधीच्या ८७ ऑक्टेन आणि १०० मध्ये वैमानिकाला फरक जाणवणारही नाही.

स्पिटफायरच्या मर्लिन ३ इंजिनाला ८७ वर +६¼ पौंड बूस्टची (हवेच्या सामान्य दाबापेक्षा दर चौरस इंचाला तितका जास्त दाब) मर्यादा होती. १९४० मध्ये १०० आल्यावर बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेच्या कट-आउट व्हॉल्व्हला बारीक छिद्रं पाडून ती +१२ केली. ताकद १०३० वरून सुमारे १३१० अश्वशक्तीवर गेली, पण ती ९००० फुटांच्या आसपास. १६-१७ हजार फुटांवर सुपरचार्जरचाच दम संपतो, तिथे १०० असून उपयोग शून्य. शिवाय मुभा ५ मिनिटांची, आणि वापर केला की इंजिनाच्या लॉगबुकात नोंद.

पुढे १००/१३० असे दोन आकडे येतात: पहिला पातळ मिश्रणाचा (पेट्रोल कमी), दुसरा घट्ट मिश्रणाचा (पेट्रोल जास्त). १९४४ मध्ये १००/१५० आलं. नंतरच्या मर्लिन ६६ इंजिनाचं बूस्ट +१८ वरून +२५ झालं, व्ही-१ हे जर्मन उडते बॉम्ब गाठायला ते हवंच होतं. किंमत स्पार्क प्लगांनी मोजली. कमी आरपीएमवर लांब क्रूझ केलं की पेट्रोलातलं शिसं प्लगवर साचतं आणि इंजिन मिसफायर करतं. त्यामुळे मधूनमधून थोडा वेळ थ्रॉटल वाढवून प्लग जाळून साफ करावे लागत.