मदत हवी आहे: भाऊबीजेनंतर दोन रात्री डोंगरात कुठे जावं?

घाईत१२: घरच्यांना घेऊन सह्याद्रीत कुठेतरी जायचंय. महाबळेश्वरला परवडतंय ते भरलंय, रिकामं आहे ते परवडत नाही. डोंगर, पाणी, थोडी थंडी, बास. आज संध्याकाळपर्यंत सांगा प्लीज. नवरा रोज "ठरलं का?" विचारतोय, स्वतः एक फोन करत नाहीये.

गडवेडा: कळसूबाई! १६४६ मीटर, महाराष्ट्राचा माथा. बारी गावातून पहाटे निघा, कातळावर लोखंडी शिड्या आहेत. मुलं आयुष्यभर नाव काढतील.

मुक्ता_न: निघणार कुठून? कितीजण? कोणी वयस्कर आहे का?

सातारी: कास गाठा. फुलंच फुलं.

रानवाटा: दिवाळीत? कासचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. नंतर वाळकं गवत.

सातारी: तलाव आहे की. बामणोलीला बोट आहे. घरात बसून नावं ठेवणं सोपं असतं.

घाईत१२: पाचजण, गाडी आमचीच. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, शिड्या विसरा. खाली बसता येत नाही, कमोड हवाच. धाकटा घाटात उलट्या करतो.

गडवेडा: शिड्यांना कठडे आहेत हो. आमची आत्या सत्तरीत चढली.

मुक्ता_न: आत्याचं ऑपरेशन झालं होतं का?

नाशिककर७: भंडारदरा. कसारा घाट चढून घोटीला उजवीकडे वळा, शेंडीला मुक्काम करा. विल्सन धरण १९२६ चं, मागे आर्थर लेक. गाडीतूनच तळ्याला फेरी मारा. रतनवाडीला अमृतेश्वराच्या जवळपर्यंत गाडी जाते. मंदिरावरचं कोरीवकाम आजींना बाजूला बसून निवांत बघता येईल. घाटघरला कोकणकड्यावर संध्याकाळी बोचरा वारा असतो, स्वेटर न्या. धबधब्यांच्या भरवशावर मात्र जाऊ नका, अंब्रेला धबधबा धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो.

घाईत१२: कसारा कशाला? पुण्याहून निघणार आहोत!!

नाशिककर७: ते आत्ता कळतंय. मग नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी.

रानवाटा: संगमनेरपर्यंत कशाला जायचं? बोट्याहून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर. अंतर वाचतं.

नाशिककर७: वाचतं, आणि त्या अरुंद वळणांवर धाकटा मागच्या सीटवर काय करेल ते तुम्ही पुसणार का? संगमनेरवरूनच जा. अंधार पडायच्या आत राजूर सोडा.

गडवेडा: तिथवर जाताच आहात तर सासूबाईंना हॉटेलवर ठेवून रतनगड करा. नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसल्यावर जो वारा लागतो ना!

घाईत१२: सासूबाईंना हॉटेलवर ठेवून? तुम्हीच सांगा त्यांना.

खादाडराव: नारायणगावला मिसळ खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुक्ता_न: उलट्या करणाऱ्या मुलाला मिसळ! ताई, त्याला निघताना हलकं काहीतरी द्या, पुढे बसवा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच. आणि "लेक व्ह्यू"वर जाऊ नका. फोन करून तळमजल्याची खोली आहे का, दारापर्यंत किती पायऱ्या आणि कमोड आहे का, एवढं विचारा. तळ्याकाठची जागा उताराची असते.

घाईत१२: एका ठिकाणी बोलले. कमोड आहे, पण खोली बारा पायऱ्या खाली, कठडा नाही. दुसरीकडे तळमजला मिळतोय, समोर पार्किंग. तळं दिसत नाही. घेऊ का?

नाशिककर७: घ्या. तळं बघायला गाडी आहे.

सातारी: बामणोलीला अजून खोल्या असतील.

खादाडराव: काजवे दिसतील का तिथे?

रानवाटा: काजवे मे-जूनमध्ये. दिवाळीत नाही.