‘निगेटिव्ह इमेज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इथे नाशिकला शाळकरी मुलांसाठी विजेच्या माशांवर टिपण लिहितेय आणि एका शब्दाशी अडलेय. आफ्रिकेतल्या मॉर्मिरिड माशांच्या शेपटीतल्या अवयवातून विजेचे क्षणिक स्पंद सुटतात. त्यांच्या कातडीतले काही संवेदनाग्राहक (वीज टिपणारे बारीक अवयव) पाण्यातल्या इतर जिवांची अगदी मंद वीज टिपतात. पण माशाचा स्वतःचा स्पंदही त्यांच्यावरच आदळतो! म्हणून मेंदू स्पंदाची आज्ञा देतानाच तिची एक प्रत संवेदना जिथे पोचतात त्या भागाकडे धाडतो. तिथे अपेक्षित संकेताचं नेमकं उलटं चित्र तयार होतं, दोन्ही एकमेकांना खातात आणि उरतं ते बाहेरचं. या उलट्या चित्राला इंग्रजीत ‘निगेटिव्ह इमेज’ म्हणतात, पण ‘ऋण प्रतिमा’ म्हटलं तर काहीच बोध होत नाही. ‘वजावट’ चालेल का?

प्रतिसाद : ताई, वजावट नको. तिचा आकडा आधीच ठरलेला असतो. रविवार कारंज्याजवळ आमचं तेलाचं दुकान होतं. गिऱ्हाईक बरणी घेऊन आलं की वडील ती रिकामीच एका पारड्यात ठेवायचे, दुसऱ्यात खडे, खिळे, जे हाताशी असेल ते टाकून काटा मधोमध आणायचे आणि मगच तेल ओतायचे. याला ‘धडा करणं’ म्हणतात. पासंग वेगळा, तो तराजूचीच खोट भरून काढतो. धडा मात्र दर भांड्याला नवा.

प्रश्नकर्ती : दादा, हाच शब्द हवा होता! मेंदूशास्त्रज्ञ कर्टिस बेल यांचा या माशांवरचा 1981 चा प्रयोग यात चपखल बसतो. त्यांनी माशाचा स्पंद औषधाने थांबवला, मेंदूची आज्ञा मात्र चालू होती. दर आज्ञेबरोबर बाहेरून एक कृत्रिम संकेत दिला. काही मिनिटांनी तो बंद केला, तर नुसत्या आज्ञेला मेंदूच्या त्या भागातल्या पेशी नेमका उलटा प्रतिसाद देऊ लागल्या. बरणी उचलली की धड्याचं पारडं खाली जातं, अगदी तसंच. पाण्याची वीजवाहकता बदलली की माशाला स्वतःचा संकेतही वेगळा जाणवतो, म्हणजे धडा पुन्हा करणं आलं. शिवाय हे सगळं पेशींमधले जोड सबळ-दुबळे होऊन घडतं, म्हणजे मेंदू खरोखरच शिकतो. मुलं ‘धडा’ म्हणजे पाठ समजली, तरी फारसं चुकत नाही.

दुसरा प्रतिसाद : एक सांभाळा. दक्षिण अमेरिकेतले आयगेनमानिया हे विजेचे मासे शेजाऱ्याच्या विजेची वारंवारता आपल्या फार जवळ आली की आपली वर किंवा खाली सरकवतात. तिथे धडा म्हणू नका, ‘अंतर राखणं’ म्हणा.

पहिला प्रतिसाद : बरोबर. आणि ताई, ‘मासा धडा करतो’ असं लिहू नका. करणारा दुकानदार, तो जाणूनबुजून करतो. इथे ‘माशाच्या मेंदूत धडा होतो’ हे बरं.