‘दाबविद्युत रोहित्र’ : यातला दाब कोणता?

प्रश्न : ‘पिझोइलेक्ट्रिक ट्रान्सफॉर्मर’साठी मी ‘दाबविद्युत रोहित्र’ लिहिलं. वाचणाऱ्याला ते उच्चदाब वाहिनीवरचं रोहित्र वाटलं. शब्द चुकला का?

उत्तर : शब्द चुकला नाही, पण ‘दाब’ हा शब्द मराठीत दोन घरचा आहे. वीजवाले व्होल्टेजला दाब म्हणतात : उच्चदाब, लघुदाब. इथला दाब मात्र बोटाने दाबतो तो. ग्रीकमध्ये ‘पिएझेइन’ म्हणजे दाबणे. स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार जमतो, हे प्येर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं.

घोटाळा होणं साहजिक आहे, कारण या उपकरणात दोन्ही दाब नांदतात. अशा रोहित्राची रचना करणारे अभियंते चार्ल्स रोझेन यांच्या रचनेत सिरॅमिकची एक लांबट पट्टी असते. तिच्या अर्ध्या भागाला वरून आणि खालून धातूचा लेप असतो. तिथे कमी व्होल्टेजचा प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा पालटणारा (एसी), प्रवाह देतात. दाबाने वीज होते तशी विजेने हालचालही होते : पट्टी जाडीत आणि पर्यायाने लांबीतही आखडते, ताणली जाते. ती थरथर दुसऱ्या अर्ध्या भागात पोचते आणि तिथे ताणाची पुन्हा वीज होते. या भागात विद्युतक्षेत्र जाडीऐवजी लांबीच्या दिशेने असतं, अंतर मोठं, म्हणून व्होल्टेज चढतं. मधे ना तारेचं वेटोळं, ना लोखंडाचा गाभा.

पण हे सगळं जमतं ते पट्टीच्या स्वतःच्या लयीत हलवलं तरच. पट्टी ३० मिलिमीटर लांब आणि तिच्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ३,३०० मीटर धरला, तर अर्धी तरंगलांबी बसायला ५५ किलोहर्ट्झ लागतात. वारंवारता थोडी सरकली की व्होल्टेज झपाट्याने उतरतं. पट्टीला आधारही जिथे ती हलत नाही त्याच बिंदूपाशी द्यावा लागतो, नाहीतर कंप तिथेच मरतो.

प्रश्न : मग स्वतःच्या लयीत असं हलण्याला, म्हणजे ‘रेझोनन्स’ला, ‘अनुनाद’ म्हणावं की ‘संस्पंदन’?

उत्तर : सतारीच्या तरफा न छेडता वाजतात, तिथे ‘अनुनाद’ हाच शब्द शोभतो. ५५ किलोहर्ट्झ कानाला ऐकूच येत नाही, तेव्हा इथे मी ‘संस्पंदन’ लिहीन. ‘अनुनाद’ पुस्तकांत रुळलेला आहे, त्याला चूक म्हणणार नाही.

‘रोहित्र’ मात्र जरूर ठेवा. त्यात ‘रुह्’, म्हणजे चढणे, हा धातू दिसतो, आणि रोझेन यांची पट्टी व्होल्टेज चढवतेच. तुमच्या लेखात पहिल्यांदा ‘पिझो रोहित्र’ लिहा, आणि विजेच्या दाबासाठी शेवटपर्यंत ‘व्होल्टेज’च वापरा.