इलेक्ट्रिकलवाल्यांनो, सोलर-बॅटरी-ईव्हीच्या कामातले तुमचे अनुभव सांगा

भाची माटुंग्याला इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली निम्मी मुलं कोडिंगच्या तयारीला लागलीत, हिचा जीव मात्र मशीन लॅबमध्ये रमतो. गणपतीत सगळे घरी जमले असताना तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, सोलर आणि ईव्हीत खरंच नोकऱ्या आहेत, की नुसताच गाजावाजा?" मी बावीस वर्षं विक्रोळीला स्विचगिअरमध्ये, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांच्या कामात काढली. ब्रेकरबद्दल ती विचारेल ते सांगेन, पण बॅटरीच्या कामाबद्दल ऐकीव माहितीवर तिला सल्ला देणं मला पटेना.

२०३० पर्यंत कोळसा-तेल न जाळता ५०० गिगावॅट वीजक्षमतेचं सरकारी उद्दिष्ट वगैरे तिला पाठ आहे. तुम्ही दिवसभर नेमकं काय काम करता, सुरुवातीला पगार किती मिळाला, कुठे अडलात आणि कॉलेजातलं काय कामी आलं, हे लिहा. वाईट अनुभवही लिहा, फक्त कंपनीचं नाव नको.

कांदिवली, गच्चीवरचं सोलर

२०१६ला एका छोट्या ठेकेदार कंपनीत महिना चौदा हजारांवर लागलो. पहिली दोन वर्षं गच्च्यांवरच गेली. पाण्याच्या टाकीची सावली, लिफ्टच्या खोलीची सावली, शेजारी नवा टॉवर उठला की त्याची सावली. स्ट्रिंगमधल्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळेतल्या, एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्ख्या स्ट्रिंगला फटका बसतो. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि मुंबईच्या गच्चीवर तेवढी उघडी जागा सलग मिळत नाही. त्यामुळे इथलं डिझाइन म्हणजे आधी सावल्यांचा अभ्यास. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार, असे फोटो काढत मी सोसायट्या पालथ्या घातल्यात.

एक प्रसंग सांगतो. एका शाळेच्या गच्चीवर पावसाळ्यात डीसी कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा प्लग) जळाला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवले होते. ते बसतात, टक असा आवाजही येतो, पण आतला संपर्क कच्चा राहतो आणि तापत जातो. एसीचा करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझायला वाव मिळतो, डीसीत तो वाव नाही. परीक्षेत हे मी चार मार्कांसाठी लिहिलं होतं. सुट्टीचा दिवस होता म्हणून गच्चीखालचे वर्ग रिकामे होते. त्या रात्री झोप लागली नाही. आजही साइटवर एकेक कनेक्टर स्वतः बघितल्याशिवाय मी सही करत नाही.

२०२४ला पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान सुरू झालं आणि घरगुती काम एकदम वाढलं. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. आता हाताखाली सहा जण आहेत. माणसं हवीत, पण केबलच्या टोकाला लग (धातूचं टोपण) नीट दाबून बसवता येणारी हवीत.

चेंबूर, सोलर प्लांटचं कमिशनिंग (तपासून चालू करणं)

भाचीला माझ्याकडून एक गोष्ट नक्की सांगा. ऑफिस मुंबईत असलं तरी सूर्य राजस्थानात आणि कच्छात आहे. राजस्थानातल्या भडलाचं सोलर पार्क २२४५ मेगावॅटचं आहे. तिथे मी आठ महिने काढले. डीसीची एसी करणारे इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, बिघाड ओळखणाऱ्या रिलेचं टेस्टिंग, स्काडाचे म्हणजे दुरून देखरेख करणाऱ्या यंत्रणेचे सिग्नल एकेक करून तपासणं. जेवढं शिकले तेवढं अंधेरीच्या ऑफिसात दहा वर्षांत शिकले नसते.

पण साइटवर दोनशे माणसांत आम्ही दोघी, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. पाणी कमी प्यायचे, ४५ अंशांच्या उन्हात. मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन घरी आले. मग बॉसला लेखी कळवलं, पुन्हा कळवलं, तिसऱ्यांदा कळवल्यावर सोय झाली. ऑफर लेटर घेताना मुलींनी राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय लेखी विचारावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. विचारल्याने नोकरी जात असेल, तर ती जागा आपल्यासाठी नव्हती.

(धागा सुरू करणारी मावशी: हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. लिहिलंत, फार बरं केलंत.)

डोंबिवली, बॅटरी पॅक

रबाळ्याच्या एका गाळ्यात आम्ही तीनचाकी गाड्यांचे पॅक बांधायचो. १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले, ५१.२ व्होल्ट. पहिला पगार २५ हजार.

एकदा एका डिलिव्हरीवाल्या दादांची गाडी ऐरोलीच्या पुलावर ऐन दुपारी बंद पडली. काट्यावर चार्ज होता २५ टक्के. दादा गाडी ढकलत पूल उतरले आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यात येऊन माझ्यासमोर बसले. चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "साहेब, मी या आकड्यावर भाडं घेतो." पॅक उघडला. पंधरा सेल ठणठणीत, एक थकलेला. सिरीजमध्ये सगळ्यात कमजोर सेल आधी तळाला जातो आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सेल वाचवायला अख्ख्या पॅकचा पुरवठा तोडतं. त्यात एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात इतका सपाट असतो की ७० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक अगदी थोडा. म्हणून आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहावं लागतं, आणि त्या मोजमापातली बारीक चूक दिवसागणिक साठत जाते. दर काही दिवसांनी पॅक पूर्ण चार्ज करून हिशेब जुळवावा लागतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच राहून गेलं होतं. मी पंधरा दिवस बसून कॅनचे लॉग (गाडीतल्या सर्किटांच्या आपसातल्या संदेशांची नोंद) वाचले आणि ते दुरुस्त केलं. माझं खरं शिक्षण त्या पंधरा दिवसांत झालं.

पुढे गुंतवणूकदारांचे पैसे थांबले, तीन पगार थकले, कंपनी बंद झाली. पण महिनाभर घरी बसावं लागलं नाही. २०२२ला स्कूटरना आगी लागल्यावर बॅटरी सुरक्षेचं एआयएस १५६ मानक कडक झालं, त्यामुळे टेस्टिंगचा अनुभव असलेल्यांना मागणी होती. हल्ली पुण्याला असतो, शनिवार-रविवार घरी. मुंबईत राहूनच गाड्यांचं काम करायचं म्हटलं तर जागा कमी आहेत. कारखाने चाकणकडे आहेत.

बोरिवली

मी सोलर सोडून आयटीत गेलो. वडिलांचं आजारपण होतं आणि डबल पगार दिसत होता. पश्चात्ताप नाही. मात्र रात्री घोडबंदरवरून येताना सबस्टेशनचे दिवे दिसले की आत काहीतरी हलतं. घरची गरज असेल तर भाचीने अपराधी वाटून घेऊ नये, एवढंच.

कल्याण, रेल्वेतून निवृत्त

बाळांनो, विजेवरची गाडी मुंबईला नवी नाही. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. मी लागलो तेव्हा कारशेडमध्ये डीसी मोटरचे कार्बन ब्रश बदलून हात काळे व्हायचे. पुढे २५ केव्ही एसी आलं, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या थ्री-फेज इंडक्शन मोटरी आल्या. ब्रेक लावला की मोटर जनरेटर होते आणि वीज तारेत परत जाते. नातवाने इलेक्ट्रिक कार घेतली, त्याने ब्रेकिंगची वीज बॅटरीत परत जाते म्हणून कौतुकाने दाखवलं. मी त्याला म्हटलं, आमची लोकल हेच करते. मुलीला सांगा, मशीन्स हा विषय सोडू नकोस.

मुलुंड, वीज वितरण

१२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबई बंद पडली तो दिवस आठवा. लोकल जागच्या जागी, हॉस्पिटलं जनरेटरवर. ज्या शहराला १९१५पासून खोपोलीहून पाण्याची वीज येते, तिथे हे घडलं. आमच्या खात्यात त्यानंतर नेटवर्कचा अभ्यास करणाऱ्यांना किंमत आली. सोलर दुपारी भरपूर, संध्याकाळी गायब आणि मागणी तेव्हाच चढते, म्हणून आता ग्रिडला जोडलेल्या बॅटऱ्यांची कामं निघताहेत. रिले सेटिंग, फॉल्ट लेव्हल (बिघाडात किती करंट वाहील), हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) हे मनापासून शिकलेली मुलं मला मुलाखतीत फार थोडी भेटतात.

ठाणे, चार्जिंगची कामं

इथे कोणी सोसायट्यांबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. मला वाटतं मुंबईतलं सगळ्यात मोठं काम हेच आहे. माझ्याकडे आलेल्या एका सोसायटीत चाळीस जणांना ७.४ किलोवॅटचा चार्जर हवा होता. एकदम लावले तर २९६ किलोवॅट. कॉमन मीटरचा मंजूर भार ६० किलोवॅट. कमिटीच्या बैठकीत भांडणं. मी फळ्यावर मांडून दाखवलं: रोज ३०-४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला रात्रीत सहा-सात युनिट पुरतात. मग पाळीपाळीने चार्ज करणारी यंत्रणा बसवली, लोडही थोडा वाढवून घेतला. आज सगळ्यांच्या गाड्या सकाळी भरलेल्या असतात.

अजून एक. लोक घरातली साधी एसी टाइपची, म्हणजे फक्त एसी गळती ओळखणारी, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) चार्जरला लावतात. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर ती भरवशाने ट्रिप होत नाही. बी टाइप लागते, किंवा ए टाइपच्या जोडीला चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअरची डीसी गळती पकडणारी सोय लागते. थोडे पैसे वाचवायला कोणाच्या पोराबाळांचा जीव धोक्यात घालू नका.

भाची

सगळं दोनदा वाचलं. थँक यू. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बदलतेय, सेल बॅलन्सिंग (पॅकमधल्या सगळ्या सेलचा चार्ज सारखा ठेवणं) घेणार. डोंबिवलीच्या दादांना त्या लॉगबद्दल दोन शंका विचारायच्या आहेत. ठाण्याच्या काकांना विचारते, पाळीपाळीने चार्ज करणारं ते पॅनेल प्रत्यक्ष बघायला मिळेल का?

ठाणे, चार्जिंगची कामं

रविवारी सकाळी नऊला ये, मावशीलाही घेऊन ये. पायांत बंद बूट, हातात बांगडी-अंगठी नको. मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) मी आणतो, रीडिंग तू घ्यायचं.