वयात आलेली मुलं आणि मोठ्यांचं स्टँडअप : तुमच्या घरातला अनुभव लिहा

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबवरच्या एका विनोदी कार्यक्रमात आईवडिलांविषयी विचारलेल्या अश्लील प्रश्नावरून देशभर गदारोळ झाला, तेव्हा माझा मुलगा नववीत होता. मी बातमी वाचली त्याच्या आधीच त्याने क्लिप बघितली होती. क्लासवरून आल्या आल्या त्याने विचारलं, "आई, तू बघितलंस ते?" मी म्हटलं, "असलं काही बघत जाऊ नकोस." तो दप्तर घेऊन आत गेला. विषय तिथेच संपला, पण माझ्या मनातून तो गेलेला नाही. तो माझ्याकडे आपणहून आला होता.

म्हणून हा धागा. तेरा ते अठरा वयाच्या मुलांसोबत तुम्ही मोठ्यांसाठीचं स्टँडअप, म्हणजे मंचावर एकट्याने विनोद सांगायचे कार्यक्रम, बघता का? काय घडलं? मतांपेक्षा घडलेलं लिहा, कृपया.

— दादर

---

लेक सोळाची. दिवाळीच्या सुट्टीत एक इंग्रजी स्पेशल, म्हणजे एकाच कॉमेडियनचा चित्रित केलेला पूर्ण कार्यक्रम, सोबत बघायला बसलो. शिव्या येणार, बेडरूमचे विनोद येणार, याची मनाची तयारी करून बसलो होतो. रिमोट हातातच होता. ते सगळं आलं, गेलं. ती हसली, मी जरा इकडेतिकडे बघितलं, एवढंच.

मग त्या कॉमेडियनने विमानात शेजारी बसलेल्या एका जाड बाईवर चार-पाच मिनिटं घालवली. त्यात एकही शिवी नव्हती. मी पोट धरून हसलो. शेजारी बघितलं तर लेक गप्प. तिने विचारलं, "बाबा, यात हसण्यासारखं नक्की काय होतं?"

तिला पाचवीपासून शाळेत काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्यावरून ती दोन वर्षं स्नेहसंमेलनात उतरली नव्हती. आणि मी तिच्या शेजारी बसून हसत होतो. मी सॉरी म्हटलं. मग ती बोलायला लागली. कोण म्हणतं, कुठे म्हणतं, ती काय उत्तर देते. त्या रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही जागे होतो. तेव्हापासून मी शिव्या मोजत नाही, विनोद कुणावर चाललाय ते बघतो.

— मुलुंड

---

थोडी कामाची माहिती. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरच्या कार्यक्रमांना यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे वयोगट लावावे लागतात. यू/ए १३+ पासून वर पालकांसाठी लॉकची सोय हवी, आणि 'ए' साठी वयाची खातरजमा करण्याची व्यवस्था. सुरुवातीला कोपऱ्यात वयोगटासोबत भाषा, लैंगिक आशय, नशा असं कारणही येतं. ते वाचत जा, वयाच्या आकड्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलला वेगळी वयोमर्यादा लावता येते. आपल्या प्रोफाइलला पिन घालायला विसरू नका, नाहीतर मुलं तिथूनच बघतात.

हे सगळं मी केलं. आठ दिवसांनी मुलाच्या फोनवर मी कुलूप लावलेल्या एका स्पेशलमधला तुकडा रीलमध्ये वाजत होता. मागचंपुढचं सगळं कापलेलं, फक्त झोंबणारी ओळ. पूर्ण सेटमध्ये त्या ओळीनंतर तो माणूस स्वतःच्या वडिलांबद्दल जे बोलतो ते मुलाला माहीतच नव्हतं. मग कुलूप काढलं आणि सोबत बसून अख्खा तास बघितला.

— गोरेगाव

---

लोअर परळला भाच्याला शोला घेऊन गेलो, त्याच्या सतराव्या वाढदिवसाला. दारात ओळखपत्र मागितलं आणि त्याला परत पाठवलं. तिकिटाच्या पानावर १८+ लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. त्याचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. तिकीट काढण्याआधी वयाची अट बघा. आणि १६+ च्या शोला नेलंत तर पुढच्या रांगेत बसू नका. क्राउडवर्कमध्ये, म्हणजे प्रेक्षकांशी थेट बोलून विनोद करताना, कॉमेडियनची नजर आधी तिथेच जाते, आणि आईसोबत आलेल्या पोराला सगळ्यांदेखत प्रश्न विचारले जातात. माझ्या बहिणीच्या बाबतीत झालंय.

— प्रभादेवी

---

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. तुमचं स्टँडअप मला नातवाने दाखवलं. पण चावट बोलणं तुमच्या पिढीने आणलेलं नाही. आमच्या लालबागला हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागायचे. गवळणीतली मावशी, बतावणीतला सोंगाड्या, दोन अर्थांचं बोलणं आणि गिरणीतली पाळी सुटून आलेल्या माणसांच्या शिट्ट्या. पोरांना तिथे मज्जाव होता.

सतराव्या वर्षी मी घरी न सांगता गेलो. वग रंगात आला आणि तीन रांगा पुढे माझे वडील दिसले. मान मागे टाकून हसत होते. घरात मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. मी अंधारात उठून निघून आलो. त्यांनी मला बघितलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. ते गेले तोवर आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही.

नातू मोबाइल माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, "आजोबा, हे ऐका." निम्मं कळत नाही. पण मी ऐकतो.

— लालबाग

---

मी सोबत बघत नाही, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. लेक तिच्या मैत्रिणींसोबत मोकळेपणी हसते. मी सोफ्यावर असले की ती माझ्याकडे बघून हसायचं की नाही ते ठरवते. काही खटकलं तर ती सांगते, मी ऐकते.

— चेंबूर

---

मुलुंडच्या दादांना अनुमोदन. मुलगा चौदाचा. बघता बघता कॉमेडियनने आरक्षणाच्या कोट्यातून डॉक्टर झालेल्यावर विनोद केला. टाळ्या पडल्या. मुलाने टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. माझ्या वडिलांनी महापालिकेत झाडू मारून मला शिकवलं, हे त्याला तोवर मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. टीव्ही बंद नाही केला, आवाज बंद केला.

— कुर्ला

---

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. लालबागच्या काकांचा दोनदा वाचला.

काल रात्री जेवणानंतर मीच तो जुना विषय काढला. म्हटलं, "तेव्हा तू विचारलंस आणि मी तुला गप्प केलं." मी तो प्रश्न आडपडदा न ठेवता उच्चारला आणि तो ऐकून मला कसं वाटलं होतं ते सांगितलं. तो ताटावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "वर्गात सगळे हसले होते. मीपण. घरी आलो तेव्हा मला कसंतरी वाटत होतं, म्हणून विचारलं होतं."

रविवारी आम्ही भाडिपा या यूट्यूब चॅनेलचं मराठी स्टँडअप सोबत बघणार आहोत, निवड त्याची. त्याआधी कुर्ल्याच्या दादांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवायचा आहे. तो कोट्याचा विनोद त्याच्या वर्गातही होतो का, ते मला विचारायचं आहे.

— दादर