क्लास ४ ल्युपस नेफ्रायटिस, १३ वर्षांची मुलगी: लघवीतलं प्रोटीन पुन्हा वाढलं, औषध बदलावं का?

शहादा_बालरोग:
ल्युपसमुळे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) मूत्रपिंडांना सूज, त्यातला गंभीर चौथा प्रकार. वजन ३६ किलो. मुंबईत बायोप्सी होऊन उपचार सुरू झाले, तिसरा महिना आहे. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं) ७५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) उतरत्या डोसवर, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (ल्युपस आटोक्यात ठेवणारं) २०० मिग्रॅ रोज, एनालाप्रिल (बीपी आणि लघवीतलं प्रोटीन कमी करणारं). लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३.१ वरून १.४ आलं होतं, आता २.२. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारं) ०.६, सी-थ्री (ल्युपस उसळला की रक्तात घटणारं प्रथिन) सुधारतोय. चेहरा सुजल्यामुळे घरचे स्टेरॉइड बंद करा म्हणतात. मायकोफेनोलेटऐवजी सायक्लोफॉस्फामाइडवर (प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं, जास्त कडक औषध) जावं का?

तापीकाठ:
नमुना किती वाजताचा? या वयात नुसतं उभं राहून-चालूनही प्रोटीन उतरतं. झोपताना लघवी करायला सांगा आणि उठल्या उठल्या पहिलाच नमुना घ्या. पाळी चालू असेल तर थांबा. तसंही ३.१ वरून २.२ म्हणजे २९ टक्के घट. तीन महिन्यांत २५, सहा महिन्यांत ५० टक्के एवढीच अपेक्षा असते. मग बदलायची घाई कशाला?

त्याआधी गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मागवून मोजा. चेहरा गोल झाला की या वयाची मुलं गोळ्या गुपचूप टाकतात. मायकोफेनोलेटसोबत अँटासिड चालू असेल तर तेही बघा, औषध नीट शोषलं जात नाही. स्टेरॉइड मात्र एकदम तोडू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी झोपलेल्या असतात. उलट्या, बीपी पडणं, काहीही होऊ शकतं.

केळीपट्टा:
हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज किलोमागे ५ मिग्रॅच्या आत हवं, तिचं ५.६ होतंय. आठवड्यातून सहा दिवस द्या, सरासरी ४.८ पडेल. या औषधाने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, डोळे तपासलेत ना?

मे महिन्यात जुलाब-उलट्या लागल्या की एनालाप्रिल तेवढ्यापुरतं बंद, नाहीतर क्रिएटिनिन चढतं. केळी सरसकट बंद करू नका, पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर करा. खरी अडचण मिठाची: पापड, लोणचं, बिबड्या (गच्चीवर वाळवायचे ज्वारीचे पापड). पापडखारातही सोडियमच. आणि बिबड्या राखायला तिला गच्चीवर बसवू नका, ऊन लागून आजार उसळतो.

शहादा_बालरोग:
नमुना दुपारी बाराचा निघाला. गाव ४० किलोमीटरवर, सकाळची एसटी उशिरा येते. नमुना घरून आणला तर चालेल?

तापीकाठ:
गुणोत्तरासाठी चालेल, थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवून आणू द्या. लाल पेशी आणि कास्ट (मूत्रपिंडाच्या नळ्यांत तयार होणारे साचे) सूक्ष्मदर्शकात बघायला मात्र ताजीच लघवी लागते. दोन तासांनंतर त्या विरघळतात, उन्हात तर लवकरच, आणि रिपोर्ट खोटाच ‘स्वच्छ’ येतो.